ट्रेव्हची बंदूक आणि अण्णांचा राघू

एव्हनसाइडला आमचं घर होतं तिथे आता गवत आहे. भूकंपानंतर सरकारने तो सगळा नदीकाठ रिकामा केला. घरं पाडली, कुंपणं उपटली, झाडं तेवढी ठेवली. त्यामुळे आमचं घर नेमकं कुठे होतं हे आता फिजोआच्या झाडावरून ओळखायचं. त्या बाजूला काम निघालं की मी गाडी थांबवून जरा उभी राहते. नितीश म्हणतो, "काय बघतेस, गवत?" मी म्हणते, "हो, गवत." नवऱ्याला सगळंच समजावत बसलं तर आयुष्य पुरणार नाही. मला तिथे अजून दोन गराज दिसतात, एक आमचं, एक शेजारच्या ट्रेव्हचं, आणि त्यांच्यामधून ये-जा करणारे अण्णा दिसतात. पांढरा लेंगा, वर नितीशची रग्बीची जुनी जर्सी, पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि बोटांना रंग.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सांगलीत त्यांना गुरुनाथ पेंटर म्हणत. ते नाटकांचे पडदे रंगवायचे. फिरत्या कंपन्यांना तीन पडदे लागायचेच, राजवाडा, रस्ता आणि जंगल. राजवाडा आणि रस्ता कुणीही रंगवी, पण जंगल हवं तर गुरुनाथ पेंटरचं, अशी त्यांची ख्याती होती. सरस उकळून त्यात रंग कालवायचा, पडदा जमिनीवर अंथरायचा आणि अनवाणी त्यावर फिरत लांब दांड्याच्या कुंचल्याने रंगवायचा. प्रत्येक पानाला एका कडेने उजेडाची पिवळी रेघ. का, तर पडदा शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी असतो. "पहिल्या रांगेतला कुठे पडदा बघतो? तो नटीकडे बघत असतो," असं ते म्हणायचे.

त्या प्रत्येक जंगलात ते कुठेतरी एक राघू लपवायचे. अंगठ्याएवढा, हिरव्यात हिरवा, फक्त चोच लाल. कुठे लपवलाय ते कुणालाही सांगायचे नाहीत. माझ्या सासूबाई, मनोरमाबाई, पहिल्या प्रयोगाला जायच्या आणि नाटक सोडून राघू शोधत बसायच्या. घरी आल्यावर म्हणायच्या, "सापडला." अण्णा विचारायचे, "चोच कुणीकडे?" कारण एकदा सासूबाईंनी न सापडता सापडला म्हणून ठोकून दिलं होतं. पण त्या प्रश्नात आणखी एक गोम होती. राघूची चोच प्रेक्षकांकडे असली तर अण्णा घरी राहणार. चोच बाहेरच्या विंगेकडे असली, तर अण्णा कंपनीबरोबर दौऱ्यावर निघणार. "जातो" असं बायकोला तोंडाने सांगायची त्या माणसाची हिंमत नव्हती, म्हणून तो पक्ष्याकडून सांगायचा. हे मला सासूबाईंनीच सांगितलं होतं, हसत हसत, शेंगा सोलताना. मग पुढे कंपन्या बंद पडल्या, पडदे गेले, अण्णा दुकानांच्या पाट्या आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांची कामं करू लागले. राघू मात्र त्या पाट्यांवरही असायचा म्हणे.

सासूबाई गेल्या आणि नितीश अण्णांना इकडे, पृथ्वीच्या दक्षिण टोकाच्या या देशात, घेऊन आला. ते दोन हजार सहाचं वर्ष संपत आलं होतं. मी हॉस्पिटलात नर्स, नितीश इंजिनिअर, मुलगी गार्गी शाळेत. अण्णांना इथे कायमचं ठेवून घ्यायचं हे आम्ही दोघांनी ठरवलं होतं. नितीशने त्याचे कागदसुद्धा आणून ठेवले होते. अण्णा म्हणाले, "बघू." सांगलीकडे "बघू" याचा अर्थ "नाही" असा होतो हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. ईस्टरनंतरचं परतीचं तिकीट त्यांच्या पाकिटात होतं आणि ते पाकीट ते उशीखाली ठेवत.

मला राग यायचा तो निराळ्याच गोष्टीचा. हा माणूस घरात आहे याचा मागमूस लागायचा नाही. मी उठायच्या आत त्यांचा चहा होऊन कप धुऊन पालथा. अंथरुणाची घडी अशी, की तिथे कुणी झोपलं असेल असं वाटू नये. मी ड्यूटीवरून आले की ते हळूच आपल्या खोलीत. काही विचारलं की "चालेल". भाजी कशी झालीय? चालेल. खिडकी लावू? चालेल. आल्याआल्या पहिल्या महिन्यात, आम्ही कामावर असताना, त्यांनी घरातल्या साऱ्या खिडक्यांच्या चौकटी घासून पांढऱ्या रंगाने रंगवून टाकल्या आणि आम्हाला ते रंगाच्या वासावरून कळलं. असून नसल्यासारखं राहायची जणू त्यांनी शपथ घेतली होती. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. घरात एक वडीलधारं माणूस असावं, त्याने उपमा खारट झाला म्हणावं, आपण दोन शब्द ऐकवावेत, मग घर कसं घर वाटतं. मला हे माणूस हवं होतं. आणि ते तर रोज थोडंथोडं पुसलं जात होतं.

ट्रेव्ह आमच्या उजव्या हाताला राहायचा. रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला, एकटा, दारासारखा रुंद माणूस. दर शरद ऋतूत, इथे तो मार्च-एप्रिलात येतो, डोंगरांत हरणांचे नर माजावर येऊन डरकाळ्या फोडतात. त्याला इथले लोक रोअर म्हणतात आणि बंदुका घेऊन रानात शिरतात. ट्रेव्ह आणि त्याचा धाकटा भाऊ कॉलिन वर्षानुवर्षं मिळून जायचे. कॉलिन कॅन्सरने गेला, त्याची बंदूक ट्रेव्हकडे आली आणि मग काही वर्षं ती कुलपातच राहिली. त्या वर्षी ट्रेव्हने पुन्हा जायचं ठरवलं. ही बंदूक एकदा रानाच्या रंगात रंगवून घ्यायची असं कॉलिन सारखा म्हणायचा, त्याच्याच्याने ते झालं नाही, म्हणून मग ट्रेव्हने शिकारीच्या मासिकातलं पान फाडून गराजच्या भिंतीवर चिकटवलं, स्प्रेचे डबे आणले आणि काम सुरू केलं.

एका दुपारी मी घरी आले तर अण्णा नाहीत. खोलीत नाहीत, मागे नाहीत. जो माणूस फाटकाबाहेर पाऊल टाकत नव्हता तो गेला कुठे? मी फाटकापर्यंत धावले. मग शेजारच्या गराजमधून हसण्याचा आवाज आला. जाऊन बघते तर अण्णा आणि ट्रेव्ह बाकावर वाकलेले आणि मध्ये बंदूक.

"अण्णा!"

"अगं, रंगाचा वास आला," अण्णा म्हणाले. जणू यापलीकडे काही सांगायची गरजच नव्हती.

ट्रेव्हने माझा चेहरा पाहिला आणि खिशातून बंदुकीचा बोल्ट काढून मला दाखवला. "नो बोल्ट, नो बँग, लव्ह. तुझा गुरू सेफ आहे."

गुरुनाथ त्याला झेपत नव्हतं, म्हणून अण्णा गुरू झाले होते. अण्णा त्याला ट्रेवबा म्हणत होते. एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याचं इंग्रजी यस-नो-थँक्यूच्या पुढे नव्हतं, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं.

"आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर असते ना, तीच ही थ्री नॉट थ्री," अण्णा मला सांगू लागले. "दस्ता आणि नळी स्पिरिटने पुसून घेतली. बारीक पॉलिश पेपर मारला, नाहीतर रंग धरत नाही. दुर्बिणीची काच, घोडा, नळीचं तोंड, सगळ्याला कागदी टेप. आता खालचा खाकी हात वाळला की वर जंगल."

"आणि त्या बंदुकीने ट्रेव्ह हरणं मारणार, ते?" अण्णा अंडंसुद्धा खात नसत.

"मारणार तो. मी फक्त रंगवतो."

पण जित्याची खोड. दुसऱ्या दिवशी ट्रेव्ह बाजारात गेलेला असताना अण्णांनी स्प्रेचे डबे बाजूला ठेवले, कुंचला घेतला आणि अख्ख्या दस्त्यावर सांगलीचं जंगल उभं केलं. वेली, केळी, पान न् पान सुटं, आणि प्रत्येक पानाला एका कडेने उजेडाची पिवळी रेघ. ट्रेव्ह आला आणि कितीतरी वेळ बघतच राहिला.

"कल्याणी, त्याला सांग, इतकी सुंदर बंदूक मी जन्मात पाहिली नाही," तो म्हणाला. "आणि हेही सांग, की ही हरणाला पलीकडच्या खोऱ्यातून दिसेल."

मी सांगितलं. अण्णांचा चेहरा पडला, मग त्यांनाच हसू आलं. ट्रेव्हने मोबाइलवर बंदुकीचा फोटो काढून घेतला आणि मग दोघांनी मिळून ते जंगल घासून काढलं.

मग ट्रेव्हने त्यांना मासिकातली रीत दाखवली. खाकीवर नेच्याचं पान धरायचं, वरून गडद हिरवा फवारा उडवायचा, पान उचललं की त्याची खाकी सावली राहते. मग गवताच्या काड्या धरून तपकिरी. डबा हातभर लांब धरायचा, एका जागी थांबायचं नाही, रंगाचा धुरळा बसला पाहिजे, ओघळ येता कामा नये. कडा कुठेही स्पष्ट नकोत. शेवटी चमक घालवणारा बिनरंगाचा हात. अण्णा जुन्या बादलीवर सराव करत बसले. ती बादली मग आमच्या फिजोआखाली ठेवली तर गार्गीला सापडेना.

"हे उलटं काम आहे," अण्णा एकदा मला म्हणाले. "जन्मभर शेवटच्या रांगेला दिसावं म्हणून रंगवलं. आता समोरच्यालाही दिसू नये म्हणून रंगवायचं. पण येईल."

मी आधीच दमून आले होते. म्हटलं, "तुम्हाला ते आधीपासूनच येतं, अण्णा. आमच्या घरात तेच तर करत असता."

अण्णा डबा हलवत राहिले. आतली गोळी खुळखुळ वाजत राहिली.

बंदूक तयार झाली ती खरोखर रानाचा तुकडा होती. त्यावर अण्णांनी ट्रेव्हला माझ्याकरवी विचारलं, एक छोटा राघू काढला तर चालेल का? मी त्याला राघूची सगळी गोष्ट सांगितली. ट्रेव्हने टोपी काढून डोकं खाजवलं. "लाल चोच? काढ की. हरणाला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही. आम्ही तर माणसांनी आम्हाला बघावं म्हणून भगवी जाकिटं घालतो. स्वीट अ‍ॅज, गुरू." इथल्या बोलीत म्हणजे झकास. अण्णांनी दस्त्याच्या टोकाशी, गाल टेकतो तिथे, नखाएवढा राघू काढला. हिरव्यात हिरवा.

ट्रेव्ह रोअरला गेला. गेला तेव्हा भोंगा वाजवत गेला. आला तो कुंपणापाशी टोपी पिळत उभा राहिला. त्याला नर मिळाला होता. मांस पाठीवर टाकून गाडीपर्यंत न्यायचं म्हणून त्याने बोल्ट खिशात टाकला आणि बंदूक एका लाकडाला टेकवून ठेवली. दुसऱ्या खेपेला परत आला तर बंदूक नाही. कुणी नेली नव्हती, तिथे माणूसच नव्हता. ती तिथेच होती आणि दिसत नव्हती. अंधार पडेपर्यंत तो रांगत शोधत राहिला.

"पोलिसांना सांगणारच आहे," ट्रेव्ह म्हणाला. "पण त्याआधी एकदा अजून बघतो. कॉलिनची होती ती." आणि मग तो एवढा मोठा माणूस दुसरीकडे बघू लागला.

मी अण्णांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले. "मला नेशील का तिथे?" आल्यापासून त्या माणसाने माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली.

लुईस पास नावाच्या घाटाच्या वाटेवर ते रान आहे. बीच नावाची उंच झाडं, खाली गुडघाभर नेचे, सगळ्यावर शेवाळ, आणि उजेड गाळून आल्यासारखा हिरवा. ओढ्याच्या काठाने चालायला वाट बरी होती. ट्रेव्हने अण्णांना गमबूट दिले होते, ते दोन नंबर मोठे. जागेवर पोचल्यावर ट्रेव्ह लगेच नेचे बाजूला सारत शोधू लागला. अण्णा एका आडव्या खोडावर बसले आणि समोर बघत राहिले.

"अण्णा, शोधायचं ना?"

"शोधतोच आहे. पानं बघायची नाहीत, पोरी. सबंध पडदा बघायचा. जंगलात जे नाही ते मग आपणहून दिसतं." मग जरा थांबून म्हणाले, "पण माझी नजर आता गेली. तू बघ. ती डोळे बारीक करायची."

ती म्हणजे सासूबाई. मी त्यांच्या शेजारी बसले आणि डोळे बारीक केले. लाल ठिपका दिसला म्हणून धावले, तर भूछत्र. पुन्हा धावले, पुन्हा भूछत्र. ट्रेव्ह वर टेकाडापर्यंत गेला आणि हात हलवत परत आला. मग मी बघायचं सोडून नुसतीच बसले, तेव्हा एका पडलेल्या खोडाच्या कडेला, नेच्यांच्या आत, लाल दाणा दिसला. तो हलत नव्हता. मी गेले, हात घातला आणि हाताला थंड नळी लागली. ट्रेव्ह तिथून तीनदा तरी गेला असेल.

"सापडला!" मी ओरडले. बंदूक सापडली म्हणायचं सोडून मी "सापडला" म्हटलं.

आणि मागून अण्णा, काही कळायच्या आत, म्हणाले, "चोच कुणीकडे?"

मग त्यांनी चष्मा काढला, जर्सीच्या बाहीने डोळे पुसले आणि परत घातला. ट्रेव्ह विचारत होता की तो काय म्हणतोय, पण मला सांगता येईना. सासूबाई जाऊन किती महिने झाले होते, आणि त्या मला खऱ्या अर्थाने त्या ओढ्याकाठी गेलेल्या कळल्या.

परतताना गाडीत मला विचार आला. हा माणूस प्रत्येक कामात राघू घालतो, पाटीतसुद्धा. मग आमच्या घराच्या चौकटी रंगवल्या तेव्हा?

"अण्णा, आमच्या घरात आहे का हो राघू?"

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. "केवढ्या मेंढ्या आहेत इकडे," ते म्हणाले.

म्हणजे होता. कधीपासून होता, आणि तो कुणीतरी शोधावा म्हणून ते वाट बघत असणार, आणि आम्हाला तो आहे हेच माहीत नव्हतं. तिकिटाचा दिवस तोंडावर आला होता. दुसऱ्या दिवशी मी आणि गार्गी खोली न् खोली धुंडाळू लागलो. "आई, व्हॉट आर वी इव्हन लुकिंग फॉर?" गार्गी विचारे. "पोपट," मी म्हणे. हॉलच्या खिडक्या झाल्या, बाथरूम झालं, पायऱ्यांखालची बोळकांडी झाली. शेवटी थकून मी भांडी घासायला उभी राहिले आणि मान वर केली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. सिंकच्या वरच्या खिडकीच्या चौकटीत, आतल्या कोपऱ्यात, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, तांदळाएवढा हिरवा राघू. मी रोज तिथे उभी राहत होते. त्याची चोच मागच्या दाराकडे होती.

मी हातही पुसले नाहीत. अण्णा खोलीत बॅगेत शर्ट रचत होते.

"सापडला," मी म्हटलं.

त्यांचा हात शर्टावर थांबला. मग हळूच विचारलं, "चोच कुणीकडे?"

"दाराकडे. आणि त्याचा अर्थ मला माहीत आहे, अण्णा. सासूबाई तो वाचून गप्प बसायच्या. मी बसणार नाही. चोच फिरवा."

"कल्याणी, तुमची नोकरी, तुमचा संसार. मी उगाच मध्ये."

"मध्येच या. कडेकडेने राहता त्याचाच मला त्रास होतो. कप धुवू नका. भाजी चांगली झाली नाही तर नाही म्हणा. मला तुम्ही इथे हवे आहात, आणि हे मला पक्षी काढून सांगता येत नाही, म्हणून तोंडाने सांगते आहे."

अण्णा बराच वेळ शर्टाची घडी सारखी करत राहिले. ती आधीच सारखी होती.

"लाल रंग ट्रेवबाकडे राहिलाय माझा," शेवटी ते म्हणाले. "घेऊन ये म्हणजे झालं."

ते राहिले. त्यानंतरच्या प्रत्येक शरदात ट्रेव्हच्या क्लबातली माणसं आपापल्या बंदुका घेऊन यायची, "किया ओरा, गुरू" असा इथला नमस्कार करत, आणि बोल्ट काढून ठेवायची. अण्णा प्रत्येकीवर रान रंगवायचे आणि एक राघू. बंदूक हरवू नये म्हणून, असं ते म्हणायचे. आणि एका रविवारी सकाळी, पहिला घास घेऊन, त्यांनी मला सांगितलं, "आज मीठ जास्त पडलंय." मी दोन शब्द ऐकवले. नितीश आमच्या दोघांकडे वेड्यासारखा बघत होता, कारण आम्ही दोघंही हसत होतो.

भूकंपाच्या आदल्या वर्षीच्या थंडीत अण्णा गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. तेवढी एक खोड राहिलीच. ट्रेव्हने त्यांच्या हाराशेजारी नेच्याचं पान ठेवलं. पुढे घर पाडायची तारीख आली तेव्हा नितीशने सिंकवरच्या खिडकीची ती पट्टी पहारीने काढून घेतली. आता ती आमच्या नव्या स्वयंपाकघरात आहे, भिंतीवर, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर.

अण्णांनी त्या दिवशी पूर्ण राघू फिरवला नव्हता. अंग दाराकडेच ठेवलं, मान तेवढी मागे, घराकडे वळवली. जुनी चोच त्यांनी पांढऱ्याने झाकली होती, पण लाल रंग खालून वर येतोच, कितीही हात मारा. हल्ली जवळून पाहिलं तर राघूला दोन चोची दिसतात, एक सांगलीच्या वाटेकडची, फिकट, आणि एक माझ्याकडची. गार्गी म्हणते, "आई, जस्ट टच इट अप." मी म्हणते, राहू दे.